शेजाऱ्याची झोप विकणे आहे

फराळाचे डबे भरून झाले, भाऊबीज उरकली, की मुंबई-पुण्याच्या घराघरांतून एकच बेत शिजू लागतो : चला, दोन दिवस कुठेतरी जाऊन येऊ. हा अंक हाती घेतलेल्यांपैकी कित्येकजण तो अलिबागेकडच्या, लोणावळ्याच्या नाहीतर दापोलीच्या एखाद्या भाड्याच्या बंगल्यात, पडवीतल्या झोपाळ्यावर बसून वाचत असतील. त्यांनी अवश्य वाचावा. त्यांचा रसभंग करण्याचा माझा हेतू नाही. मी स्वतः असाच एक बंगला, म्हणजे खरे सांगायचे तर एक जुने कौलारू घर, दिवसावारी भाड्याने देतो आणि पाहुणे येतात म्हणूनच त्याची कौले जागेवर आहेत. माझे भांडण पाहुण्यांशी नाही. माझे भांडण माझ्या धंदेबंधूंशी आहे. आणि त्या बंधूंत पहिला नंबर माझा स्वतःचा लागतो, हे आरंभीच कबूल करून टाकलेले बरे.

भांडण आहे ते रात्रीच्या आवाजाबद्दल. चार घरमालक एकत्र जमले की हा विषय निघतोच, आणि निघाला की सगळे एकाच सुरात रडतात. पाहुणे ऐकत नाहीत हो! सांगितले तर अरेरावी करतात, पैसे मोजलेत म्हणतात, रात्री दोनपर्यंत गाणी लावतात, सकाळी शेजारी आपल्या नावाने शंख करतात. आपण तरी काय करणार? मी या रडगाण्यात तीन वर्षे आवाज मिसळला आहे. आज मी असे म्हणतो की हे रडगाणे खोटे आहे. घरातला गोंगाट हा पाहुण्याचा अपराध नंतर होतो. तो आधी मालकाचा अपराध असतो. आपण घर भाड्याने देतो ते आपले असते. त्या घराभोवतीची रात्र मात्र आपली नसते. ती शेजाऱ्याचीही असते, आणि तिचे पैसे आपण घेतो.

घर माझ्या आजोबांनी बांधलेले. अष्टागरात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, माड-पोफळीच्या वाडीत. पुढे अंगण, मग ओटी, माजघर, मागे पडवी आणि विहीर. वडिलांच्या पाठी आम्ही भावंडे पांगलो. घर बंद राहिले, आणि बंद घर कोकणात किती दिवस टिकते हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. एका पावसाळ्यात मागचा वासा खाली आला. दुरुस्तीचा आकडा ऐकून माझ्या निवृत्तीच्या पैशांना घाम फुटला. तेव्हा भाच्याने युक्ती सुचवली : आठवड्याच्या शेवटी भाड्याने द्या. २०१९ साली आम्ही सुरुवात केली. २०२० च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी नेणारी रो-रो बोट सुरू झाली. साथीमुळे सगळेच काही काळ थांबले, पण निर्बंध उठताच घरात कोंडलेली मुंबई किनाऱ्याकडे अशी काही धावली की आमच्या गल्लीत शनिवारी गाडी वळवायला जागा मिळेनाशी झाली. पुढे २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला आणि उरलेसुरले अंतरही आटले.

मी काय केले? दारात बसून पाहुण्यांचे स्वागत केले असे म्हणायला मला आवडले असते. मी दादरला बसून राहिलो. किल्ली एका केअरटेकरच्या हाती दिली. जाहिरातीत इतरांच्या पावलावर पाऊल ठेवून 'म्युझिक सिस्टिम उपलब्ध' असे छापले, आणि ते खोटे पडू नये म्हणून कमरेएवढ्या उंचीचा, रंगीत दिवे लुकलुकणारा एक स्पीकर विकत घेऊन ओटीवर नेऊन ठेवला. ज्या ओटीवर आजोबा संध्याकाळी दिवा लावल्यानंतर कोणाला मोठ्याने बोलू देत नसत, त्या ओटीवर.

आमच्या वाडीला लागून दुसरी वाडी आहे. मध्ये एक गडगा, तोही ठिकठिकाणी ढासळलेला, कारण दोन्ही घरच्या मुलांनी तीन पिढ्या तो ओलांडलेला. त्या घरात काका आणि काकू राहत. माझ्या मुंजीत मातृभोजनाला काकू माझ्या पंक्तीला बसल्या होत्या, एवढे सांगितले म्हणजे नाते कळेल. घर भाड्याने द्यायचे ठरले तेव्हा मी त्यांना तसे सांगितले. विचारले नाही, सांगितले. काका म्हणाले, "घर उघडं राहील, बरंच झालं." त्या वाक्याच्या आधारावर मी तीन वर्षे धंदा केला.

२०२२ च्या मे महिन्यात काका अंथरुणाला खिळले. मला ठाऊक होते. त्यांना अलिबागेहून घरी आणले आहे, आता फार दिवस नाहीत, हेही ठाऊक होते. त्याच शनिवारचे एक आरक्षण होते : वाढदिवस, चौदा माणसे. मी ते रद्द केले नाही. केअरटेकरला फोन करून म्हणालो, "जरा आवाजावर लक्ष ठेव." दहा वाजता त्याने पाहुण्यांना सांगितले. त्यांनी आवाज कमी केला आणि तो पाठमोरा होताच वाढवला. साडेअकराला पुन्हा तेच. बाराला त्याने मला फोन केला. मी पाहुण्यांना फोन केला. तिकडे गाण्यात तो कोणाला ऐकू आला नाही. एक वाजता मी झोपलो. हे वाक्य लिहिताना लाज वाटते, पण ते खरे आहे. माझ्या घरातला गोंगाट चालू असताना मी शंभर किलोमीटरवर शांतपणे झोपलो.

काका त्यानंतर आठव्या दिवशी गेले. आवाजामुळे गेले असे मी म्हणत नाही. ते जाणारच होते. तेराव्याला मी गेलो तेव्हा काकूंनी तक्रारीचा शब्द काढला नाही. पाने उठल्यावर माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "अरे, त्या शनिवारी त्यांना रात्री जरा हुशारी आली होती. काहीतरी सांगत होते मला. आवाज अगदी खोल गेलेला. मी कान अगदी तोंडाशी नेला, पण ते गाणं चाललं होतं ना तुझ्याकडे, मला काही लागलंच नाही. मी म्हटलं, उद्या विचारीन. दुसऱ्या दिवसापासून ते बोललेच नाहीत."

एवढेच म्हणाल्या. मग मला ताक हवे का विचारले.

यावर कोणी मला म्हणेल की हा अपवादात्मक प्रसंग झाला. दर शनिवारी काही कोणाच्या शेजारी मरणोन्मुख माणूस नसतो. बरोबर आहे. पण शेजारी काय असते हे ज्याला रात्री एक वाजता माहीत नसते, तोच स्पीकर लावतो, आणि ज्याला माहीत असते तो दादरला असतो. शेजारी दहावीची परीक्षा असते, नुकती जन्मलेली मुलगी असते, पहाटे चारला होडी घेऊन निघायचे असते. आणि यांतले काहीच नसले तरी शेजारी एक साधा माणूस असतो, त्याला झोप आलेली असते. झोपेला कारण लागते असे कोणी ठरवले?

आपल्या या धंद्याने 'पाहुणा' या शब्दाची मोठी फसवणूक केली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या भाषेत पाहुणा पैसे देत नाही. जो पैसे देतो त्याला गिऱ्हाईक म्हणतात, आणि गिऱ्हाइकाला दुकानाचे नियम सांगताना कोणत्याही वाण्याला संकोच वाटत नाही. आपण गिऱ्हाइकाला पाहुणा म्हटले आणि पाहुण्याला बोलू नये हा संस्कार सोयीस्करपणे त्याच्या अंगावर पांघरला. 'आलेल्या माणसाला कसे बोलायचे?' असे म्हणणारा हाच मालक जादा गादीचे तीनशे रुपये मागताना मुळीच लाजत नाही. जुन्या धर्मशाळांत लोक फुकट उतरत, तरी भिंतीवर नियमांची पाटी ठळक अक्षरांत असे आणि व्यवस्थापक ती वाचायला लावी. त्यात कोणाचा अपमान होत नसे. आपण हजारो रुपये घेतो आणि पाटी मात्र फ्रिजच्या मागे चिकटवतो.

आता जरा हिशेब करू, कारण 'एवढासा तर स्पीकर' हे वाक्य मी फार ऐकले आहे. ध्वनीचे मोजमाप डेसिबलमध्ये करतात. हे माप विलक्षण आहे. त्यात दहा वाढले म्हणजे ध्वनीची शक्ती दसपट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले, त्यांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री, म्हणजे दहा ते सहा, ४५ अशी मर्यादा आहे. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. माझ्या ओटीवरचा स्पीकर एक मीटरवर ९५ देत असे. बत्तीस मीटरवर, म्हणजे आमच्या गडग्यापाशी, तो ६५ उरतो. रात्रीच्या मर्यादेहून वीस जास्त. तो ४५ वर यायला तीनशे मीटरहून अधिक अंतर लागेल, आणि तेवढ्या अंतरात आमच्या गावातली किमान वीस घरे येतात. माडांची झावळी तो अडवील अशी ज्यांची समजूत आहे त्यांना सांगतो की बारीक सूर कदाचित थोडे अडतील. ढोलाचा ठोका भिंतीतून जातो, तो झावळीला काय जुमानणार? त्यातून रात्र झाली की जमीन निवते, जमिनीलगतची हवा वरच्या हवेहून थंड होते आणि आवाज वर निसटून जाण्याऐवजी खाली वाकतो. दुपारी जे गाणे गडग्यावरच विरते ते मध्यरात्री तिसऱ्या वाडीत जाऊन पोचते. गावातली म्हातारी माणसे 'रात्रीचा आवाज लांब जातो' म्हणतात ते काही उगीच नाही.

कायद्याचे म्हणाल तर तो आहे आणि पुरेसा आहे. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवायला बंदी आहे. सणा-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकते, आणि चौदा जणांचा वाढदिवस हा त्या पंधरा दिवसांत मोडत नाही. खाजगी जागेतल्या वाद्याचा आवाज हद्दीवर ठरल्या मर्यादेपेक्षा पाचाहून जास्त डेसिबलने वर जाता कामा नये, असेही त्या नियमांत आहे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने तर स्पष्टच सांगितले की घटनेने दिलेल्या जगण्याच्या हक्कात शांततेने जगणेही येते, आणि बोलण्याचे स्वातंत्र्य म्हणून कोणी दुसऱ्याच्या कानावर आक्रमण करू शकत नाही.

तेव्हा 'पोलिसांना बोलवा' हा सल्ला आलाच. घरमालक हा सल्ला शेजाऱ्याला देतात, हे लक्षात घ्या. "काकू, फारच त्रास झाला तर एकशेबारा नंबर फिरवा!" म्हणजे पैसे मी घ्यायचे आणि रात्री दोन वाजता चष्मा शोधून फोन फिरवायचा तो ऐंशी वर्षांच्या बाईने. ठाणे दूर, माणसे थोडी. शिपाई आला की आवाज खाली जातो, त्याची गाडी वळली की वर येतो. मागे उरते ते एवढेच, की शेजारी 'तक्रारखोर' ठरला. पोलीस हा शेवटचा उपाय आहे आणि तो मालकाने स्वतः करावा, स्वतःच्या घराविरुद्ध. मी एकदा केला आहे. हलके वाटले नाही, पण त्याशिवाय दुसरे काही करण्याजोगे त्या रात्री उरले नव्हते.

दुसरा लोकप्रिय उपाय म्हणजे पाटी : 'फक्त कुटुंबांसाठी. अविवाहित मुलांना प्रवेश नाही.' या पाटीचा मला मनापासून राग येतो. एक तर ती अन्यायाची आहे. पंचवीस वर्षांच्या चार मुलांना केवळ लग्न झाले नाही म्हणून गुंड ठरवायचे? दुसरे, ती निरुपयोगी आहे. माझ्या घरातली सर्वांत मोठी रात्र एका सुसंस्कृत, विवाहित, तीन पिढ्यांच्या कुटुंबाने केली. पहाटे तीनपर्यंत अंताक्षरी, आणि तीत सर्वांत चढा आवाज एका निवृत्त प्राचार्यांचा. उलट एकदा सहा कॉलेजकुमार आले होते. मी धास्तावून दोनदा फोन केला. ते रात्री समुद्रावर जाऊन तारे पाहत बसले होते. गोंगाटाला वय नसते, जात नसते, मंगळसूत्र नसते. त्याला लागते ती एक मोकळी ओटी, एक स्पीकर आणि जवळपास नसलेला मालक.

तिसरा उपाय दंडाचा. यावर मी स्वतः फार भरवसा ठेवला होता म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. मी पाच हजारांची अनामत घेऊ लागलो. दहानंतर आवाज झाला तर ती परत मिळणार नाही. मला वाटले, आता बंदोबस्त झाला. दुसऱ्याच महिन्यात एका गृहस्थांनी, अगदी सभ्यपणे, मला फोनवर सांगितले : "तुमचं डिपॉझिट ठेवून घ्या. आम्हाला आज वाजवायचं आहे." मी निरुत्तर झालो. दंड म्हणून ठेवलेली रक्कम त्यांनी किंमत म्हणून वाचली होती, आणि व्यवहाराच्या दृष्टीने त्यांचे वाचन चुकीचे नव्हते. पाच हजारांत आमच्या आळीची एक रात्र मिळत होती. चौदा जणांत वाटले तर माणशी चारशेदेखील पडत नव्हते. बरे, ते पाच हजार जाणार कोणाच्या खिशात? माझ्या! म्हणजे शेजाऱ्याची झोप मोडली की मला अधिक नफा. दहा हजार करा, असे भाचा म्हणाला. दहा केले असते तर फक्त श्रीमंतांनी वाजवले असते.

आणि एक उपाय मी रागाच्या भरात केला. योगायोगाने त्या शनिवारी मी गावातच होतो. अकरा वाजता सरळ मेन स्विच पाडला. क्षणभर अशी शांतता पसरली की समुद्र ऐकू आला. मग अंधारात लहान मुले रडू लागली, त्यांच्या आया मुलांना शोधत ओरडू लागल्या, बाप मालकाच्या नावाने ओरडू लागले, कोणीतरी पायरीवरून घसरले, आणि गावातली सगळी कुत्री या चर्चेत सामील झाली. स्पीकर तर बॅटरीवर चालणारा होता. तो चालूच राहिला.

'गावात हळदीला डीजे वाजतो तो चालतो, आणि मुंबईची माणसे दोन गाणी लावतात ती खुपतात,' असाही एक युक्तिवाद आहे. तो फेकून देण्यासारखा नाही. हळदीचा डीजे दहानंतर वाजतो तेव्हा तोही नियमबाह्यच असतो आणि मला तो मुळीच आवडत नाही. परंतु दोहोंत फरक आहे. हळद कोणाची आहे हे आळीला माहीत असते. आळीला आमंत्रण असते. आज तिच्या मुलीची, पुढल्या वर्षी माझ्या नातवाची. ही देवघेव आहे, आणि देवघेवीत माणूस पुष्कळ सोसतो. भाड्याने आलेला माणूस रविवारी दुपारी निघून जातो. त्याच्याकडून आळीला काही येणे नसते. पुढल्या शनिवारी दुसरा येतो, आणि त्याला वाटते आपण वर्षातून एकदाच तर मजा करतो! तो खरेच एकदाच करतो. शेजाऱ्याच्या वाट्याला मात्र ती बावन्न वेळा येते. पाहुण्याला ही बेरीज दिसू शकत नाही. ती फक्त मालकाच्या वहीत असते.

जगात इतरत्रही हे लोकांच्या ध्यानात आले आहे. घरे भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीने २०२० च्या ऑगस्टमध्ये अशा घरांतल्या पार्ट्यांना बंदी केली आणि २०२२ मध्ये ती कायम केली. न्यूयॉर्क शहराने २०२३ च्या सप्टेंबरपासून तीस दिवसांहून कमी मुदतीच्या भाड्यासाठी असा दंडक अमलात आणला की मालकाने त्याच घरात राहिले पाहिजे आणि पाहुणे दोनांपेक्षा जास्त नकोत. त्या शहराने हे मुख्यतः घरांच्या टंचाईमुळे केले. पण त्यातला 'मालकाने तिथे राहावे' हा भाग वाचून मला हसू आले. कारण हे आपल्याकडे होतेच की! कोकणात पूर्वी 'घरगुती खोल्या' मिळत. पुढच्या दोन खोल्या पाहुण्यांना, मागे मालकाचा संसार. मालकीणबाई स्वतः वाढत, मालक ओटीवर पथारी टाकून झोपे. रात्री दहाला तो नुसता खोकला तरी पत्त्यांचा डाव मिटे. त्या खोकल्याच्या जागी आपण ध्वनिमापक यंत्र बसवू पाहतो.

यंत्र मीही बसवले आहे. ते बोलणे टिपत नाही, नुसती पातळी मोजते. पडवीत उघड लावले आहे आणि येणाऱ्याला आधी दाखवतो. चांगले आहे. पण ते दादरच्या फोनवर लाल दिवा दाखवते, आणि दादरचा लाल दिवा काकूंच्या काय उपयोगाचा? यंत्र ज्याला बोलावते तो माणूस पाच मिनिटांत तिथे पोचू शकला पाहिजे. नसेल पोचत, तर त्याने घर भाड्याने देऊ नये. हे मी अगदी शब्दशः म्हणतो आहे.

काका गेल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मी घर बंद ठेवले. अनामत, मेन स्विच वगैरे खटाटोप त्यानंतरचे. तेव्हाही मी बहुतेक शनिवारी दादरलाच असे. ते सगळे फसल्यावर मग शुक्रवार ते रविवार स्वतः जाऊन मागच्या खोलीत राहू लागलो. ज्या शनिवारी जमत नाही, त्या शनिवारी घर बंद. स्पीकर विकून टाकला. चौदाची आठ माणसे केली. आरक्षणाचे पैसे घेण्याआधी फोनवर स्वतः बोलतो आणि सांगतो : दहानंतर ओटी मिटते, माजघरात दारे-खिडक्या लावून गप्पा मारा, पत्ते खेळा, हळू आवाजात गा, काही हरकत नाही, स्पीकर आणायचा असेल तर कृपा करून दुसरे घर पाहा. आणि रात्री साडेनऊला एक फेरी मारतो. ही साडेनऊची फेरी फार महत्त्वाची. अकरा वाजता गेलेला मालक भांडायला आलेला असतो. साडेनऊला गेलेला मालक जेवण कसे झाले विचारायला आलेला असतो. तेव्हा मी नियमाचे नाव काढत नाही. "पलीकडे काकू एकट्या असतात, त्या आता झोपतील," एवढेच सांगतो. नियमाशी लोक हुज्जत घालतात. काकूंशी हुज्जत घालणारा माणूस मला अजून भेटला नाही. उलट काही बायका सकाळी गडग्याशी जाऊन त्यांची विचारपूस करतात, आणि जाताना कोकमे घेऊन जातात.

एक गोष्ट मी आधीच करायला हवी होती ती सर्वांत शेवटी केली. गडग्यापलीकडे आणि समोर मिळून पाच घरे आहेत; त्या पाचही घरी जाऊन विचारले, की मी हे घर भाड्याने देत राहू का? या वेळी खरोखर विचारले. दोघांनी हो म्हटले, एकाने 'महिन्यातून दोनच शनिवार' अशी अट घातली, एकाने पाच वर्षांची साठलेली वाफ माझ्यावर मोकळी केली आणि मग हो म्हटले. काकू म्हणाल्या, "घर उघडं राहू दे. ह्यांनाही तेच बरं वाटत होतं." आता महिन्यातून दोनच शनिवार देतो. उत्पन्न अर्ध्याहून खाली आले. मागचा वासा बदलून झाला आहे; ओटीची फरशी अजून तशीच तडकलेली आहे, ती काही वर्षे तशीच राहील.

मला कोणी वेडा म्हणेल, आणि धंदेबंधूंपैकी काहींनी तसे म्हटलेही आहे. एकाचे म्हणणे असे, की मी सोडलेली गिऱ्हाइके त्याच गल्लीच्या टोकाच्या नव्या बंगल्यात जातात, तेव्हा आळीची झोप मोडायची ती मोडतेच. माझे नुकसान तेवढे फुकट. यात तथ्य आहे. गेल्या महिन्यात मी ज्या मंडळींना नाही म्हटले, त्यांचीच गाणी त्या टोकाहून रात्री दीडपर्यंत मी मागच्या खोलीत पडून ऐकली. त्या बंगल्याचे मालक पुण्याला असतात. मी त्यांना पत्र लिहिले, फोन केला. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "हो, पण पाहुणे ऐकत नाहीत हो, आपण तरी काय करणार?" मला माझाच आवाज ऐकू आल्यासारखे झाले.

म्हणून येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मी एक ठराव आणणार आहे : गावात दिवसावारी भाड्याने दिल्या जाणाऱ्या प्रत्येक घराच्या दारावर, रात्री तिथे हजर असणाऱ्या जबाबदार माणसाचे नाव आणि फोन लिहिलेला असावा, आणि ज्या रात्री असा माणूस नसेल त्या रात्री घर द्यायचे नाही. सूचक म्हणून माझी सही आहे. अनुमोदक म्हणून काकूंनी सही केली. चष्मा लावून, ओळ न् ओळ वाचून, एके ठिकाणी माझे शुद्धलेखन सुधारून.